शेवटच्या चारीपर्यंत

दातर्ती, १८८४

तुमच्या पायाखाली काळ्या मातीचा चिखल आहे आणि समोर फुगलेली पांझरा. खान्देश अजून एकच जिल्हा आहे, धुळं त्याचं मुख्यालय. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी व्हायला २२ वर्षं आहेत. साक्रीच्या बाजूला, दातर्ती गावाशी, नदीच्या एका पात्राखालून नळ टाकायचं काम चालू आहे. खोदलेल्या चरात नदीने वाळू आणि गोटे आणून भरले आहेत आणि मजूर ते पुन्हा उपसताहेत. काठावर उभा राहून हे काम बघणारा सडपातळ तरुण बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मूळचा म्हैसूरकडचा. गेल्या वर्षीच पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनियरिंगच्या परीक्षेत पहिला आला आणि त्यानंतर मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्याचं नाव.

तो बांधतोय तो सायफन. एका काठावर पाण्याची पातळी थोडी उंच राखायची, बंद नळातून पाणी पात्राच्या तळाखाली उतरवायचं, मग पलीकडच्या काठावर ते स्वतःच्याच दाबाने वर येतं. ना पंप, ना मोट. तुम्ही शाळेत शिकलेलं तत्त्व इथे पुराच्या पाण्यात उभं राहून कसं राबवतात ते बघत राहता. नोकरीतलं पहिलं-दुसरंच काम आणि नदी ऐन पावसाळ्यातली, पण तो काम पूर्ण करणार आहे.

त्याला तिथेच सोडून थोडं काठाकाठाने चला. याच खोऱ्यात एक जुनी यंत्रणा चालू आहे. तिचा कुणी एक इंजिनियर नाही. नदीत दगडी बंधारा आहे, बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाला चाऱ्या फुटतात, चाऱ्यांना सारंग, आणि सारंगातून पाणी शेतात उतरतं. डोक्याला मुंडासं, खांद्यावर फावडं असा एक माणूस पाटाच्या कडेने येतो. तो पाटकरी. तुमच्या कपड्यांकडे बघत विचारतो, "कथाइन उनात, भाऊ?" लांबून आलो, एवढंच तुम्ही सांगता. मग तो तुम्हाला फड दाखवायला नेतो.

पाटाखालची सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे बहुतेक ठिकाणी चार फड पाडलेले असतात. एका फडात एका वेळी एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात भात, बाकीच्यांत हंगामी पिकं. पुढच्या वर्षी फेरपालट. कोणत्या फडात काय लावायचं हे एकटा शेतकरी ठरवत नाही, सगळे मिळून बैठकीत ठरवतात. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस आलाच पाहिजे. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, पिकाची राखण जागल्याची, आणि त्यांचा मोबदला सगळ्या शेतकऱ्यांनी धान्यात द्यायचा. पाटकऱ्याचं पोट कुणा एकाच्या कणगीवर अवलंबून नाही. म्हणून तो कुणा एकाच्या सांगण्यावरून पाणी वळवत नाही.

मग तो तुम्हाला खरी गोम सांगतो. इथे प्रत्येकाची जमीन एकाच जागी नाही, तिचे तुकडे वेगवेगळ्या फडांत आहेत. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. नुकसान झालं तर सगळ्यांचं, आणि जवळपास सारख्या प्रमाणात. बंधाऱ्याजवळचा सुखी आणि शेवटच्या चारीवरचा दुःखी, असा कायमचा भेद त्यामुळे पडत नाही. "पानी बठासनं शे," पाटकरी म्हणतो. पाणी सगळ्यांचं आहे.

तुम्ही त्या बैठकीत कोण बसतं ते नीट बघा. बायका दिसत नाहीत. ज्यांना जमीन नाही ते दिसत नाहीत. जागल्या रात्रभर जागतो, पण त्याला मत नाही. ही व्यवस्था तीनशे-चारशे वर्षं टिकली, याचं कौतुक करताना हेही ध्यानात ठेवा. एका धंद्यातली माणसं एकत्र येऊन स्वतःवर नियम घालून घेतात तेव्हा त्या एकत्र येण्याची पारख दोन प्रश्नांनी होते: शेवटच्या चारीला पाणी पोचलं का? आणि बैठकीत कोण नव्हतं? पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत यंत्रं पार बदलतील, हे दोन प्रश्न तेच राहतील.

फैजपूर, डिसेंबर १९३६

खान्देशातली थंडी, सकाळची वेळ. पूर्व खान्देशातल्या या गावाच्या शिवारात बांबू, तट्ट्या आणि गवताचं एक नगर उभं आहे. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरतंय. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू आहेत. सजावटीमागे शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांचा हात आहे, आणि ती सगळी गावात मिळणाऱ्या सामानातून केलेली. तुम्ही भाषणांच्या मांडवाकडे न जाता प्रदर्शनाकडे वळा. तिथे चरखे आहेत, हातकागद आहे, तेलघाण्या आहेत.

यामागे दोन वर्षांपूर्वी, १९३४ मध्ये, वर्ध्याला स्थापन झालेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ आहे. जे. सी. कुमारप्पा त्याचा कारभार बघतात. हाही तंत्रज्ञानाचाच संघ. जुनी घाणी तेल कमी देते आणि बैलाला जड जाते, तर तिची रचना सुधारायची. वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी नेमकं तेच केलं आणि त्या सुधारलेल्या घाणीचं नाव मगन घाणी पडलं. एकटा तेली हे प्रयोग करू शकत नाही, तेवढी सवड आणि पैसा त्याच्याजवळ नसतो. संघाने प्रयोग करायचे, मोजमाप ठेवायचं आणि निघालेलं ज्ञान प्रत्येक तेल्याला मोकळं करायचं. एखादा धंदा एकत्र येण्याचं याहून सरळ कारण मिळणार नाही.

घाणीतून पडणाऱ्या ताज्या तेलाचा वास नाकात भरून घ्या. नऊ वर्षांनी याच जिल्ह्यात तेलाचं वेगळंच काही होणार आहे.

अमळनेर, डिसेंबर १९४५

वाटेत मुंबईला क्षणभर थांबा. १९४१ साल आहे. दातर्तीच्या चिखलात उभा असलेला तो तरुण आता ऐंशीच्या घरात आहे. म्हैसूरचं दिवाणपद, कृष्णराजसागर धरण, नियोजनावरचं पुस्तक, हे सगळं मागे पडलंय, आणि या वयात तो भारतीय कारखानदारांची संघटना उभी करतोय: ऑल इंडिया मॅन्युफॅक्चरर्स ऑर्गनायझेशन. त्याचा पहिला अध्यक्षही तोच. सुटासुटा कारखानदार परदेशी मालापुढे आणि सरकारी धोरणापुढे दुबळा पडतो, त्याला सामाईक आकडेवारी, सामाईक मागणी आणि सामाईक आवाज हवा, असं त्याचं सांगणं आहे. आयुष्यभर धरणं, कालवे आणि कारखाने बांधलेल्या माणसाने म्हातारपणी बांधायला घेतली ती संस्था.

आता ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेमार्गाने येऊन अमळनेरला उतरा. महायुद्ध नुकतंच संपलंय. प्रताप मिलचा भोंगा ऐकू येतो. गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, आणि याच वर्षी प्रताप कॉलेज निघालंय. बोरी नदीकाठचं हे गाव वारकऱ्यांना सखाराम महाराजांमुळे माहीत आहे, आणि मराठी घरांना साने गुरुजींच्या शाळेमुळे. २९ डिसेंबरला इथल्या कारखान्यासाठी एक कंपनी नोंदली जाते: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी, मुंबईचे तांदळाचे मोठे व्यापारी.

कारखान्यात काय होणार? शेंगदाण्याच्या तेलातून निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडायचा, की पातळ तेल गोठून तुपासारखं घट्ट होतं. तेच वनस्पती तूप. खान्देशच्या भुईमुगाला गिऱ्हाईक मिळणार, रोजगार मिळणार. फैजपूरच्या प्रदर्शनातल्या घाणीवाल्याचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो यायलाच हवा. गांधीजींनी वनस्पती तुपाला उघड विरोध केला. ज्या बैठकांत कारखान्यांची धोरणं ठरली तिथे घाणीवाला नव्हता.

पण या धंद्याने एक गोष्ट शिकवली. वनस्पती तुपासारखं दिसतं, म्हणून तुपात भेसळ होऊ लागली. त्यावर सरकारने नियम केला की प्रत्येक कारखान्याने वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालायचं. तिळाच्या तेलावर ठरावीक रसायनांची क्रिया झाली की तांबूस रंग येतो, त्यामुळे तुपात वनस्पती मिसळलं की तपासणीत लगेच कळतं. हा नियम एकट्याने पाळून उपयोग नव्हता. सगळ्यांनी पाळला तरच गिऱ्हाइकाचा विश्वास राहणार होता. प्रामाणिक कारखानदाराला खरं संरक्षण सगळ्यांवर सारख्या बसणाऱ्या नियमातून मिळतं.

आणखी एक गोष्ट बघून घ्या. या कंपनीचे शेअर गावातल्या लोकांनी घेतले, त्यात शेतकरी होते आणि दुकानदारही. कित्येकांनी ते कागद पेटीत ठेवून दिले, पुढच्या पिढ्यांना दिले. कारखान्याच्या नफ्यात गावाचा वाटा राहिला तो असा. अमळनेरमध्ये आजही ही गोष्ट घराघरांत सांगतात.

मुंबई, १९८८

मधली वर्षं भराभर ओलांडा. १९६६: हाशम प्रेमजी गेले, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकणारा त्यांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धवट सोडून २१व्या वर्षी कंपनी सांभाळायला आला. १९७७: परकीय भांडवलावरच्या नव्या कायद्यामुळे आयबीएमने भारत सोडायचं ठरवलं. संगणकाच्या बाजारात एक मोठी जागा रिकामी झाली, आणि अमळनेरच्या तेल-साबणावर वाढलेली कंपनी तिच्यात शिरली. तोवर तिचं लांबलचक नाव आखडून विप्रो झालं होतं. दशक पालटता पालटता तिचे संगणक बनू लागले.

संगणकाच्या धंद्यातल्या माणसांना एकत्र यायची सवय तोवर लागली होती. १९६५ मध्ये कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया निघाली. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचे आर. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष. ती जाणकारांची संस्था: व्याख्यानं, शोधनिबंध, नियतकालिक, विद्यार्थी शाखा. १९८२ मध्ये यंत्रं बनवणाऱ्यांची मेट ही संघटना आली. सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र स्वतःचं घर नव्हतं.

१९८८ सालच्या मुंबईत, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एखाद्या कंपनीच्या छोट्या कचेरीत जा. फोनसाठी नंबर लावून वर्षं झाली आहेत. परदेशातून संगणक आणायला परवाना लागतो आणि त्यासाठी दिल्लीच्या खेपा. प्रोग्राम चुंबकी फितीवर भरून पाठवायचा, तर सीमाशुल्काच्या टेबलावर प्रश्न उभा राहतो: किंमत फितीची धरायची, की फितीवर लिहिलेल्याची? बँक कर्जाला तारण मागते, आणि तारण द्यायला यांच्याकडे यंत्रं नाहीत, फक्त माणसं आहेत. शेजारच्या कंपनीचेही नेमके हेच प्रश्न आहेत. पण ती तुमची प्रतिस्पर्धी आहे. तिचा माणूस तुम्ही पळवता, तुमचं गिऱ्हाईक ती पळवते.

तरीही त्या वर्षी ३८ कंपन्या एकत्र आल्या आणि नॅशनल असोसिएशन ऑफ सॉफ्टवेअर अँड सर्व्हिस कंपनीज, म्हणजे नॅसकॉम, सुरू झाली. आपसांत भांडायचं ते बाजारात, आणि पाट सगळ्यांचा म्हणून त्याचा गाळ मिळून काढायचा, असा हा करार होता. पुढच्या काही वर्षांतली तिची कामं बघा. सॉफ्टवेअरच्या आयातीवरची जबर जकात उतरवण्यासाठी पाठपुरावा. निर्यातीच्या उत्पन्नावर करसवलत. उपग्रहाच्या दुव्यांसाठी आग्रह. १९९१ मध्ये सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची संस्था काढली आणि छोट्या कंपनीलाही परदेशाशी जोडणारी वाहिनी भाड्याने मिळू लागली. त्याच सुमारास देवांग मेहता नॅसकॉममध्ये पूर्णवेळ कामाला आले. २००१ मध्ये अकाली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मंत्री, अधिकारी, पत्रकार यांच्यापुढे या धंद्याची बाजू अखंड मांडली. साऱ्या सभासदांच्या वर्गणीवर चालणारा, म्हणून कुणा एकाचा नसलेला माणूस किती काम करू शकतो, ते पांझरेकाठी तुम्ही पाहिलेलंच आहे.

नॅसकॉमच्याच आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे २५४ अब्ज डॉलरवर गेली. त्यामागे लाखो माणसांचं डोकं आणि घाम आहे. पण वाटेतले अडथळे हटवले ते एकत्र येण्याने.

जळगाव, १९९२

शेतात चला. मे महिन्यातलं ऊन आहे, मातीला हात लावला तर चटका बसतो. केळीच्या ओळींतून काळी नळी पसरली आहे आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी गळतंय. ठिबक सिंचन खान्देशात रुजू लागलंय. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातले भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या धंद्यापासून सुरुवात केली, मग पपईच्या चिकापासून पपेन, मग पीव्हीसीचे पाइप, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी ठिबक. महाराष्ट्र सरकारने १९८६ पासून ठिबकला अनुदान द्यायला सुरुवात केली.

अनुदान आलं की धंद्यात नवे लोक येतात, आणि त्यात खराब माल विकणारेही असतात. नळी उन्हात तडकली, ड्रिपर बुजला, एका झाडाला चार लिटर आणि दुसऱ्याला दोन लिटर पाणी पडलं, की शेतकऱ्याचा विश्वास उडतो तो सगळ्या ठिबकवरून, एका विक्रेत्यावरून नाही. म्हणून मानक लागतं. भारतीय मानक ब्यूरोने ठिबकच्या नळ्यांसाठी १९८९ मध्ये आणि ड्रिपरसाठी १९९२ मध्ये मानकं काढली: भिंतीची जाडी किती, दाब किती सोसावा, प्रत्येक ड्रिपरच्या प्रवाहात फरक किती चालेल. अशी मानकं एखादा अधिकारी एकट्याने लिहीत नाही. ब्यूरोच्या समित्यांवर कारखानदार, कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ, सरकारी खाती आणि वापरणारे बसतात आणि प्रत्येक आकड्यावर वाद घालतात.

आता हातातली नळी उलटीसुलटी करून बघा, तिच्यावर मानकाचा क्रमांक छापलेला आहे. तो वाद घालायला कोण बसलं होतं, हे यावलच्या शेतकऱ्याला माहीत नसेल. त्याच्या बागेतलं शेवटचं खोड मात्र पहिल्या खोडाइतकंच ओलं होतंय. पाणी शेवटपर्यंत पोचतं ते असं.

जळगाव, १९९५

तीनच वर्षांनी शहरात या. जिन्याखालच्या एका गाळ्यात दोन तरुण संगणक जुळवताहेत. मदरबोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलाय, मॉनिटर तिथलाच. गिऱ्हाईक डाळ मिलचा मालक आहे, त्याला हिशेबासाठी संगणक हवाय. यंत्राचे पैसे द्यायला तो तयार आहे, पण सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे कशाला, हे त्याला पटत नाही. मग फ्लॉपीवरची नक्कल त्यात जाते. सगळ्या गावात हेच चालू आहे.

इकडे दिल्लीत कायदा बदललाय. सॉफ्टवेअरच्या चोरीविरुद्ध नॅसकॉमने मोहीम चालवली, १९९४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९५ मध्ये ती लागू झाली. नक्कल केलेला प्रोग्राम जाणूनबुजून संगणकावर वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या श्रमाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, त्या अर्थाने कायदा न्याय्य आहे.

तरी त्या गाळ्यातल्या दोन तरुणांच्या बाजूने बघा. हा नियम ठरला तेव्हा त्यांचं कुणी तिथे नव्हतं. छोट्या गावासाठी स्वस्त परवाने द्या, दुकानदाराला प्रशिक्षण द्या, मूळ प्रत विकण्यात त्याला चार पैसे सुटतील असं बघा, हे त्यांच्या वतीने बोलायला कुणी नव्हतं. पाटाच्या तोंडाशी बसलेल्यांनी नियम केला, तो बरोबरही होता, पण शेवटच्या चारीला त्यातली फक्त शिक्षा पोचली. याबद्दल मोठ्या संघटनेला दोष देऊन भागत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या दुकानदारांची स्वतःची बैठक तेव्हा असती, तर तिने आपला माणूस पाठवला असता.

आज, जळगाव आणि धुळे

आता तुम्ही तुमच्या काळात आहात. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलाशी थांबा. भिंगाखाली तो केसाएवढी तार जोडतोय. धुळ्यात आग्रा रोडने फिरा: संगणक विकणारे, सीसीटीव्ही लावणारे, जीएसटीची विवरणपत्रं भरणारे, शाळांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे. जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे, आता बहिणाबाईंच्या नावाचं. बांभोरीपासून शिरपूरपर्यंत इंजिनियरिंग कॉलेजं आहेत. तिथली मुलं दरवर्षी पदवी घेतात आणि पुण्याची, हिंजवडीची वाट धरतात. अमळनेरमध्ये जी तेलाची कंपनी सुरू झाली, तिच्या संस्थापकाचे नातू रिशद प्रेमजी २०१८ मध्ये नॅसकॉमचे अध्यक्ष झाले. खान्देशातून सुरू झालेली वाट देशाच्या सर्वांत मोठ्या तंत्रज्ञान संघटनेच्या प्रमुखपदापर्यंत गेली, हा अभिमानाचा भाग. त्या वाटेवरून परत खान्देशाकडे किती येतं, हा कामाचा भाग.

आज या दुकानदारांच्या आणि छोट्या कंपन्यांच्या डोक्यावर कोणते नियम आहेत ते मोजा. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि जुने बोर्ड अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेले पाहिजेत. एकट्या दुकानदाराकडे महिन्याला अर्धं पोतं कचरा निघतो, त्यासाठी नाशिकहून गाडी येणार नाही. साठ दुकानांचा मिळून निघाला तर येईल. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तिघांच्या कंपनीला स्वतंत्र वकील परवडत नाही, पंचवीस कंपन्यांना मिळून परवडतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावीत असा २००६चा कायदा सांगतो, पण मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध एकट्याने तक्रार केली की पुढचं काम जातं. तक्रार संघटनेच्या कागदावर गेली की कुणा एकाचं नाव पुढे येत नाही.

कॉलेजातला मुलगा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कागदावर करतो आणि दोन किलोमीटरवर एखादा चटईचा कारखाना त्याच प्रश्नाशी झगडत असतो. त्या दोघांची गाठ घालून द्यायची, हे मुंबई-दिल्लीच्या संघटनेकडून होणार नाही. हिंजवडीतल्या खान्देशी पोरांची बाजूही विसरू नका. कंपन्यांची संघटना ही कर्मचाऱ्यांची संघटना नव्हे. नोकरी अचानक गेली, राजीनामा बळजबरीने घेतला, तर त्यांच्या मागे उभं राहायला पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या संघटना निघाल्या, त्या याच कारणाने. गावातल्या बैठकीत मालकाबरोबर तंत्रज्ञालाही खुर्ची मिळाली, तर जी चूक जुन्या बैठकांत झाली ती इथे टळेल.

एवढे काळ फिरून आल्यावर पुढचं काम तुमचं आहे, आणि ते अवघड नाही. सात माणसं जमली की सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली संस्था नोंदता येते. वर्गणी दुकानाच्या आकाराप्रमाणे ठेवा, मत मात्र प्रत्येकाला एकच. अध्यक्ष दरवर्षी बदला, एक वर्ष जळगावचा आणि एक वर्ष धुळ्याचा. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना आणि गाळ्यात काम करणाऱ्या मुलींना सभासद करून घ्या, नुसतं बोलावून भागणार नाही. वर्गणीतून एक माणूस पूर्णवेळ ठेवा आणि त्याचा पगार वेळेवर द्या. पहिल्या वर्षाला तीनच कामं घ्या: ई-कचऱ्याची सामाईक गाडी, थकलेल्या बिलांची सामाईक तक्रार, आणि कॉलेज-कारखाना गाठ घालणारी महिन्यातली एक बैठक. दुरुस्तीचे किमान दर आणि हमीचे नियम लिहून प्रत्येक दुकानात लावा. ते मोडणाऱ्याला जाब विचारायचं धैर्य ठेवा, मग तो वर्गणी सगळ्यांत जास्त देणारा का असेना.

वर्षअखेरीच्या सभेत जमाखर्च वाचून झाला की सगळ्यांत लहान सभासदाला उभं करा, मग तो शहाद्याचा असो की पारोळ्याचा, आणि त्याला विचारा, या वर्षी तुझ्या दुकानाला संस्थेचा काय उपयोग झाला? त्याचं उत्तर इतिवृत्तात जसंच्या तसं लिहा आणि पुढच्या वर्षाचं काम त्यावरून ठरवा.